पायपीट मंडळ

तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकेने आपला पासवर्ड पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पोटाला चिकटवली होती. पट्टीवर औषधाचे डाग होते आणि कडेला कुणाचे तरी दोन केस अडकले होते. ताईने ती नखाने उचकटली, कागदात गुंडाळली आणि लगेच जाऊन साबणाने हात धुतले. पट्टीची किळस आलीच होती, पण ज्या डोक्यातून ही युक्ती निघाली त्या डोक्याची जास्त आली होती.

ताई त्या इस्पितळात संगणकांची सुरक्षा बघायची. कोण कुठल्या नावाने आत शिरतं, काय उघडतं, काय उघडं ठेवून चहाला जातं, हे बघायचं आणि वर लोकांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. त्या आठवड्यात भानगड झाली होती. या परिचारिकेच्या नावाने कुणीतरी शिरून एका बाईचे तपासणीचे निकाल वाचले होते आणि संध्याकाळच्या आत त्या बाईचं दुखणं तिच्या सासरी पोहोचलं होतं.

"मॅडम, मी नाही हो उघडलं. कुणीतरी माझ्या नावाने गेलं," परिचारिका रडत म्हणाली.

"दार तुम्हीच उघडं टाकलंत," ताई म्हणाली. "आता चोराच्या नावाने गळा काढू नका."

हे वाक्य तिचं लाडकं होतं. नव्या लोकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात ती ते टाकायची आणि खाली गेलेल्या माना बघून तिला बरं वाटायचं. परिचारिकेचीही मान खाली गेली. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले आणि ऐकून हसले. "अहो, एवढं काय त्यात? मोठ्या कंपन्यांना आपलं सगळं माहीतच असतं. माझ्याकडे तर बाबा लपवण्यासारखं काही नाहीच." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून ते खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली.

लपवण्यासारखं नाही म्हणे! ताईला या वाक्याचा वीट आला होता. डॉक्टरही तेच म्हणत, भाजीवालाही तेच म्हणे. आणि जे तसं म्हणत नसत ते आणखी वाईट. त्यांनी कुठेतरी काहीतरी अर्धवट वाचलेलं असे आणि त्या अर्धवटावर त्यांनी पूर्ण घर बांधलेलं असे.

अशा घरांपैकी एक घर तिच्या आईचं होतं. तिथे तिला रविवारी दुपारी जावंच लागायचं.

आईकडे मामा राहायचा. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याने विज्ञान हाती घेतलं होतं, म्हणजे विज्ञानाच्या बातम्या. एका रविवारी कॉफीने आयुष्य वाढायचं, पुढच्या रविवारी त्याच कॉफीने घटायचं आणि दोन्ही वेळा मामा तितक्याच खात्रीने कप पुढे करायचा किंवा मागे ओढायचा.

"कोणावर प्रयोग केला होता?" ताई विचारायची.

"उंदरांवर. पण उंदीर आणि आपण आतून एकच गं."

"तुझ्याकडे बघून पटतं."

मामा खो खो हसायचा. ही त्याची सर्वात चीड आणणारी खोड होती. त्याला काहीही म्हटलं तरी ते बाहेरूनच ओघळून जायचं. ताईला तो 'फौजदार' म्हणायचा आणि आता सगळं घरच म्हणायला लागलं होतं.

फौजदाराचा धाक मात्र घराने आपल्या पद्धतीने पाळला होता. मामाने बँकेचं कार्ड चंदेरी कागदात गुंडाळलं होतं. आईने संगणकाच्या कॅमेऱ्यावर बोटाला लावायची पट्टी चिकटवली होती. आणि घरातलं काही नाजूक बोलायचं असलं की ती सगळ्यांचे फोन गोळा करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि झाकण लावायची. डब्यातल्या फोनला ऐकू येत नाही, असं मामाने कुठेतरी वाचलं होतं. बिस्किटं ताटलीत मोकळी पडून सादळायची.

नाजूक बोलणं हल्ली एकच होतं, आणि ते धाकटीचं.

धाकटी म्हणजे ताईची बहीण. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. काही महिन्यांपूर्वी ती नवऱ्याला सोडून निघाली. त्याने हात कधी उचलला नव्हता. उचलला असता तर दाखवायला वळ तरी असते. तो नुसता हजर असायचा. कामावरून सुटली की फाटकात, दवाखान्यात गेली की बाकावर, मैत्रिणीकडे गेली की समोरच्या फुटपाथवर. एकदा तिने न्हाणीघराला आतून कडी लावली म्हणून त्याने ती कडी उखडली, आणि मग संध्याकाळी शांतपणे बसून नवी बसवली, बाहेरच्या बाजूने. "मी जाते," असं तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "जा. मी शोधून काढीन. मग दोघं मिळून परत येऊ."

त्याला पत्ता कळता कामा नये, एवढीच गोष्ट होती. बाकी सगळं नंतर बघता आलं असतं. म्हणून ताईने आपली सगळी विद्या पणाला लावली. धाकटीला नवा फोन, नवा नंबर, नवी खाती दिली. कामाची जागाही बदलून घेतली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत, ताईने स्वतःच्या नावावर खोली घेतली. जुन्या घरी जाऊन धाकटीचं सामानही तिनेच आणलं. पत्ता फक्त ताईला आणि आईला माहीत होता. मामाला मुद्दाम सांगितला नव्हता, कारण मामाच्या पोटात काही राहत नसे. इस्पितळातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा धाकटी सुरक्षित आहे, असं ताईला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा गर्वही होता.

त्या रविवारी आईने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तिकडे ठीक आहे ना गं सगळं?"

"ठीक आहे. कुणाशी बोलू नकोस, झालं."

"छे, मी कशाला बोलतेय? परवा शेजारीण विचारत होती, मी म्हटलं, परदेशी गेली."

"परदेशी कशाला म्हणालीस? पुढे काय काय विचारेल ती!"

"फोन ऐकतात हे मात्र शंभर टक्के," मामा मध्येच म्हणाला. "परवा मी नुसतं 'गुडघा' म्हणालो, तर लगेच गुडघ्याच्या पट्ट्यांची जाहिरात. सांग फौजदार, हे काय आहे?"

"मामा, तू दिवसभर गुडघ्याच्याच बातम्या वाचतोस."

"बघ, म्हणजे वाचतो तेही ऐकतात."

ताईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बंद डब्यातून टुणकन आवाज आला. मामाचा चेहरा एकदम खुलला. "आली वाटतं घरी! आज लवकर आटोपलं."

"कोण आली?"

"कोण म्हणजे? आपली खारूताई."

खारूताई हे धाकटीचं लहानपणचं नाव. घरात सगळे तिला त्याच नावाने हाक मारत, लग्नानंतर नवराही मारायचा. ताईच्या हातातला कप तसाच राहिला. मामाने डबा उघडून फोन काढला आणि कौतुकाने तिच्यापुढे धरला.

पडद्यावर चालण्याचं ॲप होतं. मामानेच हे खूळ काढलं होतं. एकत्र चालणाऱ्या कुटुंबाचा मेंदू म्हातारा होत नाही, अशी बातमी त्याने वाचली होती आणि घरातल्या सगळ्यांना एका गटात घातलं होतं, 'पायपीट मंडळ' नावाच्या. कोण किती चाललं ते त्यात दिसायचं आणि गप्पाही मारता यायच्या. आईच्या आग्रहाने ताईही त्यात शिरली होती. पहिल्याच दिवशी मामाने विज्ञानाच्या इतक्या बातम्या ओतल्या की तिला शिसारी आली. तिने गटाचा आवाज बंद केला आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. ते लग्न मोडायच्याही आधीचं होतं.

आता पडद्यावर नकाशा होता. नकाशावर एक हिरवी रेघ बागेला वळसा घालून, लॉन्ड्रीच्या बाजूने गल्लीत शिरून एका छोट्या घराच्या चित्रावर थांबली होती. खाली लिहिलं होतं, 'खारूताई घरी पोहोचली.'

"हे कुणी केलं?" ताईचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मीच. पोरगी एकटी पडली होती गं. म्हणाली, मामा, मलाही घे तुमच्यात. मी तिला बजावलं, खरं नाव लिहायचं नाही, फौजदाराने सांगितलंय. म्हणून टोपणनाव."

नाव झाकलं होतं आणि दार रोज संध्याकाळी नकाशावर काढून दाखवलं जात होतं.

"तुला तिचा पत्ता सांगितला नव्हता मी."

"मला कुठे माहीत आहे पत्ता?" मामा दुखावून म्हणाला. "मी फक्त नकाशा बघतो."

ताईने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. गटात कोण कोण आहे ते उघडलं. आई, मामा, फौजदार, खारूताई आणि जावईबापू.

"हा अजून यात कसा?"

आई आणि मामाने एकमेकांकडे पाहिलं. लग्नघरात नको असलेला पाहुणा जेवायला बसल्यावर यजमान पाहतात तसं.

"आता असं 'उठा, जा' कसं म्हणायचं कुणाला?" आई पुटपुटली. "वाटलं, आपण होऊन जाईल. चांगलं दिसतं का ते?"

"आणि तो बिचारा काही बोलत नाही गं," मामा म्हणाला. "नुसता चालतो."

"कुठे?"

"पूर्वी त्याच्या घराजवळच्या मैदानाला चकरा मारायचा. हल्ली रस्ता बदललाय. नव्या रस्त्याने चाललं की मेंदू तल्लख होतो, मी बातमी टाकली होती. त्याने मनावर घेतली असणार. मी अभिनंदनही केलं त्याचं."

ताईने जावईबापूंची रेघ उघडली. ती लाल होती. बाग, लॉन्ड्री, गल्ली. गल्लीतून मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एकाच जागी इतक्या वेळा गेलेली होती की तिथे रेघ राहिली नव्हती, नुसता लाल डाग झाला होता. हा डाग कालचा होता. परवाचाही तिथेच होता. त्याखाली मामाने टाळ्या वाजवणारे हात टाकले होते.

तिने मामाचा फोन टेबलावर टाकला, डब्यातून आपला काढला आणि धाकटीला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. ती चपला घालून जिन्यात पोहोचली तेव्हा मागून मामा म्हणत होता, "अगं, त्याला काढू का मग? एकदम काढलं तर त्याला काय वाटेल?"

"हात लावू नकोस कशाला!" ती ओरडली. आत्ता काढलं तर त्याला कळणार होतं की आपल्याला कळलंय. मूर्खपणाने का होईना, मामा बरोबर बोलला होता, आणि याचाही तिला संताप आला.

टॅक्सीत तिने धाकटीला पुन्हा पुन्हा फोन लावला आणि मधल्या वेळात मंडळ उघडलं. न वाचलेला ढीग तुंबला होता. लसूण आणि हृदय. झोप आणि चंद्र. फोन उशाशी ठेवल्याने केस गळतात. आणि त्या उकिरड्यात, मामाचा एक निरोप. 'खारूताईला मंडळात घेत आहोत. यात काही धोका असल्यास फौजदारांनी कृपया सांगावे.' त्याखाली दुसऱ्या दिवशीचा. 'फौजदारांची हरकत दिसत नाही. स्वागत!'

त्या उंटावरच्या शहाण्याने विचारलं होतं. आयुष्यात एकदा नेमका प्रश्न नेमक्या माणसाला विचारला होता, आणि तो माणूस नाक मुरडून बसला होता. ताईने फोन मांडीवर उलटा टाकला. तिला मामाची किळस येईना. कुणाची येतेय ते तिला कळत होतं.

गल्लीत लॉन्ड्रीची वाफ आणि साबणाचा वास भरून राहिला होता. फुटपाथवर माणसं होती, पण तो नव्हता. तिने दोनदा पाहिलं. जिना चढून दार ठोठावलं आणि आतून "कोण?" असं न विचारताच दार उघडलं गेलं. धाकटी ओले केस पुसत उभी होती.

"ताई? न्हात होते मी. किती फोन केलेस! आई बरी आहे ना?"

ताईने आत शिरून कडी लावली. मग दुसरीही लावली. पडदे ओढले. धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. जुन्या घरी जसा व्हायचा तसाच चेहरा झाला तिचा.

"कळलं त्याला?" तिने विचारलं.

"कधीपासून, ते माहीत नाही. कपडे भर. तुला इथे कुणी दिसलं का? काही झालं का गेल्या दिवसांत?"

"काही नाही. मला कधीकधी वाटायचं मागे कुणीतरी आहे, पण ते तर मला नेहमीच वाटतं. म्हटलं, सवयच झालीय." तिने कपाट उघडलं. "दारात तू थर्मास ठेवून गेलीस तेवढंच. बाकी कुणी आलं नाही."

"कुठला थर्मास?"

धाकटीने ओट्याकडे बोट दाखवलं. तिचा जुना स्टीलचा थर्मास तिथे होता, कामावर न्यायचा तो, पोटाला पोचा आलेला. सामान आणायला गेली तेव्हा तो सापडला नव्हता, हे ताईला पक्कं आठवत होतं. त्याचं सैल झालेलं झाकण कुणीतरी नीट बसवून दिलं होतं. नवी रबरी चकतीही घातली होती.

"पिशवीत घालून कडीला अडकवला होतास ना?" धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तू दुरुस्त करून आणलास. घाईत असशील, म्हणून आत आली नाहीस. मी रोज त्यातूनच चहा पितेय, ताई. तुला कामावर फोन केलेला आवडत नाही, म्हणून मी मंडळात लिहिलं होतं. वाचलं नाहीस?"

ताईने मंडळ पुन्हा उघडलं. निरोप तिथे होता. 'ताई, थर्मास मिळाला गं. दारापर्यंत येऊन गेलीस, आत तरी यायचंस. थँक्यू.' त्याखाली एकच अंगठा होता. आईचा नव्हता, मामाचाही नव्हता. जो कधी काही बोलत नसे त्याचा होता.

"तो अजून आहे त्यात? मला वाटलं, मामाने कधीच काढलं असेल," म्हणत धाकटी मोरीपाशी जाऊन ओकली. ताईने तिची पाठ धरली, तोंड पुसलं, आणि मग थर्मास फडक्याने उचलून, आपला हात न लागू देता, पिशवीत टाकला. धाकटीचा फोन बंद केला. दोघी मागच्या जिन्याने, लॉन्ड्रीच्या गरम खोलीतून, चादरींच्या ढिगांमधून बाहेर पडल्या आणि थेट पोलीस ठाण्यात गेल्या.

ठाण्यातल्या टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. त्याने बसायला सांगितलं, पाणी दिलं. धाकटीने अडखळत सगळं सांगितलं. कडी, फाटक, फुटपाथ, नकाशा, थर्मास. तो ऐकत होता आणि मधूनमधून मान हलवत होता. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"मी तर माझ्या फोनवर असलं काही ठेवतच नाही," तो म्हणाला. "त्यात सगळं दिसतं, हे आता पोरासोरांनाही माहीत आहे. अहो, रोज कुठे जाता ते तुम्हीच त्याला दाखवलंत. थर्मास मिळाला म्हणून वर आभारही मानलेत." त्याने सुस्कारा टाकला. "दार तुम्हीच उघडं टाकलंत, बाई."

धाकटीची मान खाली गेली.

ती मान ताईने ओळखली. तिसऱ्या मजल्यावर, रक्तदाबाच्या यंत्राशेजारी, ती अशीच खाली गेली होती. त्या रडणाऱ्या परिचारिकेला, आत कोण शिरलं होतं, हे ताईने विचारलंच नव्हतं. आत्तापर्यंत ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. चोर त्याच इस्पितळात होता. रोज जिन्यात ताईला नमस्कार करतही असेल.

तिने पिशवीतला थर्मास टेबलावर ठेवला, नव्या चकतीची बाजू त्याच्याकडे करून.

"दार तिने नाही टाकलं उघडं," ती म्हणाली. "ते मी टाकलं. हवं तर तसं लिहा, मी सही करते. पण साहेब, आधी आत कोण शिरलं त्याचं नाव लिहा."

धाकटीने मान वर केली आणि स्पष्ट आवाजात नाव सांगितलं. त्याने पेन उचललं.